धुपावर वाजलेलं मशीन आणि माझे 1,15,500 रुपये

घराचे जुने पत्रे बदलून देतो म्हणून मला गंडवलं, त्याचा आकडा आधीच सांगून टाकतो, लपवून लपवून थकलोय. 1,15,500 रुपये. सर्व्हेची फी 1,800, ॲडव्हान्स 45,000, जुने पत्रे उतरल्यावर 52,000, 'विल्हेवाट शुल्क' 14,200 आणि सर्टिफिकेटचे 2,500. धाकट्या भावाला मी 70 हजारच सांगितलेत. हे वाचून त्याला खरा आकडा कळला तर कळू दे.

घर मंगळवार पेठेत. पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, जुनी, कौलारू. मागच्या दोन खोल्या वडिलांनी 1983 साली काढल्या, त्यावर सिमेंटचे दहा फुटी 14 पत्रे. चाळीस वर्षं कोल्हापूरचा पाऊस त्या पत्र्यांनी झेलला. शेवाळ धरलं, काळे पडले, पण एकालाही तडा नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. दोघं आले. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. "काका, पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत. नवीन नियम आलाय, मार्चच्या आत काढले नाहीत तर 50,000 दंड." पुढची पद्धत तुम्हाला पाठ असेल. या वॉर्डात तुमचंच घर राहिलंय, आज बुक केलं तर सूट, वगैरे. ते सांगत बसत नाही.

मी अडाणी नाही. उद्यमनगरच्या कारखान्यांत 31 वर्षं काढली, शेवटची अकरा सुपरवायझर म्हणून. ॲस्बेस्टॉस, म्हणजे आगीला न जुमानणारे दगडी तंतू, हा शब्द मला त्या पोरांनी शिकवला नाही. आमच्या फौंड्रीत भट्टीच्या दाराला ॲस्बेस्टॉसची दोरी असायची, हातमोजेही त्याचेच. झिजले की पांढरा कापूस उडायचा आणि आम्ही त्याच हातांनी डबा खायचो. सोबतचे दोघे फुप्फुसाच्या आजारानं गेले. कशानं ते कुणी शोधलं नाही, दोघंही बिड्या ओढायचे आणि तेवढं कारण सगळ्यांना पुरलं. त्यामुळं ती पोरं "कॅन्सर" म्हणाली तेव्हा मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. भीती खोटी नव्हती हो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्यांत टाकलंय. त्या पोरांनी मला खऱ्या भीतीनं गंडवलं.

आता तो क्षण. रोज रात्री मला तोच आठवतो.

वार गुरुवार, संध्याकाळ. एकानं पिशवीतून हातात मावेल असं मशीन काढलं. "ॲस्बेस्टॉस मीटर, काका. इंपोर्टेड." मागच्या खोलीत, त्या पत्र्यांच्या बरोबर खाली धरलं. आकडा 38, हिरवा. त्याचं तोंड जरा पडल्यासारखं झालं. मग तो बोलत बोलत पुढच्या सोप्यात आला. आमच्याकडं गुरुवारी दत्ताला धूप असतो. सौ. देवघरातून धुपाटणं घेऊन सोप्यातनं फिरली आणि मशीन बोंबलायला लागलं. आकडा 412, लाल. "बघा काका! फायबर पार सोप्यापर्यंत आलंय!"

सोप्यावर कौलं आहेत. एक पत्रा नाही. पत्र्याखाली 38 आणि कौलाखाली 412.

माझा नातू सहा वर्षांचा आहे. तो म्हणाला, "आजोबा, आजी धूप घेऊन आत गेली की नंबर कमी झाला." मी त्याला काय म्हणालो माहीत आहे? "गप रे, मोठ्यांच्यात बोलू नये."

आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळलेला माणूस मी. मोजायचं साधन आधी तपासायचं, हे मी शंभर पोरांना शिकवलं असेल. आणि मला ते नातवानं सांगावं लागलं, तेही मी ऐकलं नाही. ते मशीन म्हणजे हवेतली धूळ मोजायचं साधं यंत्र, ऑनलाइन दोन-अडीच हजाराला मिळतं. फोडणी घातली तरी वाजतं. धूळ कशाची हे त्याला कळत नाही. हवेतले ॲस्बेस्टॉसचे तंतू तपासायचे तर पंपानं ठरावीक हवा फिल्टरमधून ओढून तो फिल्टर सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पत्र्यात ते आहे का हे बघायचं तर तुकडा प्रयोगशाळेत द्यावा लागतो. नुसत्या नजरेनं कुणालाही सांगता येत नाही, अगदी मलाही. घरात कुणी असलं मशीन घेऊन आलं तर समोर एक उदबत्ती लावा. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, ही म्हण आमच्या घरात आता कुणी माझ्यासमोर वापरत नाही.

त्याच रात्री 20,000 फोनवरून पाठवले, दुसऱ्या दिवशी 25,000 रोख. पावती छापील, त्यावर जीएसटी नंबरसुद्धा होता. नंतर मोजला तर 14 अक्षरं. खरा 15 चा असतो. जीएसटीच्या पोर्टलवर फुकटात तपासता येतो, दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं माझ्याकडं नव्हती, कारण दंडाचा आकडा डोक्यात घण घालत होता. आणि तो नियम? घरावरचे जुने पत्रे अमुक तारखेच्या आत काढा असा कायदाच आपल्याकडं नाही. ॲस्बेस्टॉसच्या खाणी बंद केल्या, पण पांढरा ॲस्बेस्टॉस रशियातून येतो आणि त्याचे नवे कोरे पत्रे दुकानात राजरोस मिळतात.

कामाच्या दिवशी त्यांनी आम्हाला घराबाहेर काढलं. "लहान मूल आहे काका, रंकाळ्यावर फिरून या." मला तेव्हा वाटलं, पोरं जबाबदार आहेत! सौ.ची ओवाळायचीच राहिली होती त्यांना.

तासाभरात चष्मा विसरला म्हणून परत आलो. फोटोसाठी घातलेले पांढरे सूट मोटारसायकलवर लोंबत होते. वर दोन पोरं, तोंडाला रुमाल, हातात घण. पत्रे फोडून खाली टाकत होती. अख्ख्या बोळात धुरळा. पाण्याच्या टाकीवर, शेजारच्या तात्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर, आमच्या ज्वारीच्या पोत्यावर. खाली एक जण खराट्यानं कोरडं झाडत होता.

थांबवलं का नाही, असं भाच्यानं विचारलं. 45,000 गेले होते, अर्धं छप्पर उघडं होतं, वर ढग आले होते. तुम्ही काय केलं असतं? मी ओरडलो, तर त्यातला एक म्हणाला, "काका, आमची पद्धत आहे, सर्टिफाइड." मी गप्प बसलो.

तर पद्धत काय असते ते आता ऐका, मला फुकट मिळालेलं नाही. असल्या पत्र्यात जेमतेम दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस, बाकी सिमेंट. तंतू सिमेंटात घट्ट बसलेले असतात. पत्रा अखंड असेल तर त्याला हात न लावणं हेच सगळ्यात शहाणपणाचं. वरून रंग मारा आणि सोडून द्या. पावसाळ्याआधी तारेच्या ब्रशनं शेवाळ घासता ना? ते आधी बंद करा. डिशच्या केबलसाठी ड्रिल, चिमणीसाठी कटर, काही नको. काढायचाच असेल तर फवाऱ्यानं ओला करायचा, पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकायचे म्हणजे पाणी मुरतं. हुक बोल्ट सोडवून पत्रा अख्खा उतरवायचा, वरून टाकायचा नाही. बोल्ट गंजला असेल तर बोल्ट कापा, पत्रा नको. रुमाल आणि कापडी मास्क बिनकामाचे. तंतूंना अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो आणि दाढी असेल तर तोही बसत नाही. झाडू नाही, घरातला व्हॅक्यूमही नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फडकंही त्याच कचऱ्यात. सगळं जाड प्लास्टिकच्या दोन थरांत बांधायचं.

म्हणजे माझ्या डोक्यावर चाळीस वर्षं गुपचूप बसलेला धोका मी स्वतः पैसे देऊन फोडून घेतला.

डॉक्टरांकडं नातवाला नेलं. ते भले माणूस, म्हणाले, एका दिवसाच्या धुरळ्यानं फार घाबरू नका, धोका जास्त दिवस, जास्त प्रमाणात श्वासात गेल्यानं वाढतो. एक्स-रे काढू का विचारलं तर म्हणाले, आज काही दिसणार नाही, हे आजार उठायला वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं जातात. सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान 40 वर्षं ठेवायला सांगितली ती उगाच नाही. माझं सोडा, मी 63 चा. पोरगं सहाचं आहे.

नवे पत्रे चढले. 'शंभर टक्के ॲस्बेस्टॉसमुक्त' असा स्टिकर. पत्र्याच्या मागं शिक्का होता, आयएस 459. मी तो वाचला! आयएस नंबर वाचण्यात हयात गेली आणि वाटलं, वा, आयएसआय मार्क आहे. आयएस 459 हे ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांचंच मानक आहे. ॲस्बेस्टॉस नसलेल्या फायबर सिमेंटच्या पन्हळी पत्र्याला आयएस 14871 असतं. शिक्का बघून घ्या, स्टिकर कुणीही छापतो. पुण्यातल्या भाच्यानं दोन नमुने प्रयोगशाळेत दिले, एक जुन्या तुकड्याचा, एक नव्याचा. 7,080 रुपये. हे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. दोन्हींत क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस.

यानंतर सुरू झाली माझी वारी.

पोलीस. ठाणं कुठलं ते सांगत नाही. साहेब म्हणाले, "पत्रे बदलायचे होते, बदलले ना? मग फसवणूक कसली? हे सिव्हिल आहे." फसवणुकीचं कलम चारशेवीसचं आता 318 झालंय, हे मी घरून वाचून गेलो होतो, तर म्हणाले, "काका, तुम्हीच या खुर्चीत बसा." अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागायला तीन चकरा. शेवटी रजिस्टर पोस्टानं वरिष्ठांना पाठवला. तुम्ही पहिल्या दिवशीच पोस्टानं पाठवा, तेवढा रिक्षाखर्च वाचेल.

मग कचऱ्याचं. विल्हेवाटीचे 14,200 घेऊन त्यांनी अर्धा माल टेम्पोतून नेला, कुठं ओतला देव जाणे. 9 पोती बोळात टाकून "उद्या नेतो" म्हणाले ते आजतागायत. एका कार्यालयात विचारलं, तर "बांधकामाचा राडारोडा म्हणून अर्ज करा, ॲस्बेस्टॉस लिहू नका, लिहिलं तर आम्हाला उचलता येणार नाही." दुसऱ्या कार्यालयात गेलो. "कारखाना आहे का तुमचा?" नाही. "मग आमच्याकडं का आलात?" मी म्हटलं, टाकाऊ ॲस्बेस्टॉस घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत आहे, पुण्याकडच्या रांजणगावला अशा कचऱ्याची सोय आहे, मला फक्त तिथं पोचवायचा कागद द्या. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "घरगुती माणसासाठी फॉर्मच नाही." फॉर्म नाही! कारखान्याच्या गेटबाहेर पडलं की तंतू सज्जन होतात काय? तिसऱ्या ठिकाणी ज्या खोलीत मला पाऊण तास बसवलं, तिच्यावर सिमेंटचेच पत्रे होते आणि पंख्याचा पाइप पत्र्याला भोक पाडून लटकवला होता. मी वर बोट दाखवलं. क्लार्क म्हणाला, "गळत नाही हो, चांगले आहेत."

पावतीवरच्या शाहूपुरीच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. तो मालक बिचारा, माझ्याआधी तिघं येऊन गेले म्हणाला. त्या तिघांना शोधतोय. तुम्ही असाल तर पुढं या, लाज माझ्याकडं भरपूर आहे, वाटून घेऊ. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मात्र माणूस नीट बोलला, तक्रार नंबर दिला, जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता दाखवला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षं. फोनवरून पाठवलेल्या 20,000 ची नोंद आहे. रोख दिलेल्या पैशांना ती बोगस पावती सोडली तर साक्षीदार फक्त सौ. आणि नातू.

नवे पत्रे काढत नाही. अखंड आहेत, रंग मारून घेतलाय, आता त्यांच्याकडं कुणी वाकडी नजर केलेली खपवून घेणार नाही. ती 9 पोती ओली करून, दुहेरी प्लास्टिकात बांधून, निळ्या ताडपत्रीखाली परसात आहेत. परवा एक ट्रॅक्टरवाला आला, शेतातल्या रस्त्याला भराव हवाय म्हणाला, सगळ्या मालाचे 600 रुपये द्यायला तयार होता. या सगळ्या प्रकरणात मला पैसे देऊ करणारा तो पहिलाच. त्याला नाही म्हणून सांगितलं.