शृंगारतळीजवळची बचत गटाची हळद: माल उत्तम, चिठ्ठी नको

गुहागरहून चिपळूणकडे येताना शृंगारतळीच्या अलीकडे रस्त्यालगत पत्र्याची शेड आहे. बचत गटाच्या बायका तिथे आगळ, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि घरची हळद विकतात. हळद घ्यायची तर तिथूनच घ्या, असं मी शेजारणींना सांगत असते.

पुडी बघण्याआधी तिथल्या मावशींनी हळकुंडच हातात दिलं. वरून मातकट, खरखरीत. बत्त्याने ठेचल्यावर आत गर्द नारिंगी, आणि कडवट, उग्र वास. मला तेच हवं होतं. पिवळ्याधमक, गुळगुळीत हळकुंडांची मला धास्ती वाटते. पॉलिश करताना काही ठिकाणी त्यांना लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, चोळतात. बांगलादेशातल्या हळदीत हा प्रकार २०१९ मध्ये उघडकीस आला. शिशाने लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो.

घरी आल्यावर कोमट पाण्याच्या ग्लासात चमचाभर पूड सोडली, ढवळली नाही. ती तळाशी बसली, वरचं पाणी फिकट पिवळं राहिलं. पाणी गडद पिवळं झालं असतं तर भेसळीचा संशय घेतला असता. शिसं असं ओळखता येईलच असं नाही, म्हणून मला अख्खं, न रंगवलेलं हळकुंड दाखवणारा विक्रेता महत्त्वाचा वाटतो. स्वयंपाकात ही हळद कमी लागते. डाळीला अर्धा चमचा पुरे, आणि हळद-मीठ लावून ठेवलेल्या बांगड्याचा वास छान मरतो.

पाकिटाबरोबर दिलेली चिठ्ठी मात्र मला मुळीच पटली नाही. 'रोज सकाळी दोन मोठे चमचे हळद गरम पाण्यातून घ्या, मधुमेह, कॅन्सर बरा होतो.' हळदीत करक्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, साधारण ३ टक्के असतं. खाद्यरंग म्हणून त्याची मर्यादा तज्ज्ञ समितीने दिवसाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. दोन मोठे चमचे म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास हळद, म्हणजे जवळजवळ ४५० मिलिग्रॅम करक्युमिन! आमच्या ह्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आमटीतली हळद खुशाल खा, काढे आणि कॅप्सूल नकोत. पित्ताशयात खडे असतील, मुतखड्याचा त्रास असेल, ऑपरेशन ठरलेलं असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर जादा हळद डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. कॅप्सूलमध्ये तर अर्क असतो, वर मिरीतलं पाइपरिन घालून तो रक्तात जास्त उतरवलेला असतो. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुडघेदुखीवर काही चाचण्यांत अर्काचा फायदा दिसला, पण तेवढ्यावरून कॅन्सर बरा होतो असं छापणं मला भयंकर वाटतं. एखादा बिचारा गोळ्या सोडून हळदच पीत बसेल.

चिठ्ठी काढून टाका, असं मी मावशींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण पुढच्या खेपेलाही ती पाकिटात होतीच.

प्लास्टिकही पातळ आहे, पावसात पूड ओलसर होऊन गुठळ्या होतात. आणल्याबरोबर काचेच्या बरणीत भरा. शिमगा उरकला की नवी हळद येते, तेव्हा अख्खी हळकुंडं मागून घ्या आणि आपल्या गिरणीत समोर उभं राहून दळा. पाव किलोला शंभर रुपये पडतात.