टायटन की ७७७?

चंद्रपूरच्या कोळसा खाणीतून निवृत्त होऊन ऐरोलीत राहायला आलेल्या माझ्या मामांना जुन्या डंपरची १:५० प्रतिकृती सनबोर्डातून करायची आहे; टेरेक्स टायटन की कॅटरपिलर ७७७, एवढेच ठरत नाही.

जागेचा हिशेब सोपा आहे: वीस मीटरांचा टायटन ४० सेंटिमीटर घेतो, ७७७ त्याच्या जवळपास निम्म्यात बसतो. मेहनतीचा प्रश्न मात्र वेगळा. टायटनला १० चाके, मागे दोन आस आणि चाकांच्या मोटारींना वीज पुरवणारे ३,३०० अश्वशक्तीचे, रेल्वे इंजिनाच्या जातीचे डिझेल इंजिन. ७७७ला सहा चाके आणि गिअरबॉक्स. शिवाय टायटन एकच बनला आणि तो कॅनडातील स्पारवुडला उभा आहे, म्हणजे मापे छायाचित्रांवरूनच काढायची.

भव्यतेची हौस आणि रिकामे टेबल असणाऱ्याने टायटन करावा. ज्याच्या नखांत ७७७चे ग्रीस वर्षानुवर्षे राहिले, त्या मामांनी ७७७च.