आमदारकीला मुदतमर्यादा असावी का? गोव्याच्या मतदारासाठी तुलनात्मक आढावा

एकाच व्यक्तीला किती वेळा आमदार होता यावे, यावर कायद्याचे बंधन असावे का, या प्रश्नावर मत ठरवू पाहणाऱ्या गोमंतकीय मतदारापुढे तीन पर्याय आहेत. पहिला म्हणजे आजची मोकळीक, ज्यात लोक निवडून देतील तितक्या वेळा आमदार होता येते. दुसरा म्हणजे सलग मुदतींवरची मर्यादा, ज्यात दोन किंवा तीन मुदतींनंतर एक निवडणूक बाहेर राहावे लागते आणि त्यानंतर पुन्हा उभे राहता येते. तिसरा म्हणजे आजन्म मर्यादा, जी संपली की त्या सभागृहात परत येता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायांची चर्चेत बहुधा गल्लत होते, आणि त्यांचे परिणाम मात्र बरेच वेगळे असतात, म्हणून ही तुलना त्यांना वेगळे ठेवूनच करावी लागते.

कायद्याची आजची स्थिती थोडक्यात सांगता येते. राज्यघटनेचे 172 वे कलम विधानसभेची मुदत 5 वर्षांची ठरवते आणि 173 वे कलम उमेदवाराची पात्रता सांगते. त्यात कितीदा निवडून यावे याचा उल्लेख नाही. पात्रतेच्या अधिक अटी घालण्याचा अधिकार संसदेचा असल्याने पर्वरीच्या गोवा विधानसभेला एकमताने वाटले, तरी असा नियम स्वतःपुरता करता येणार नाही.

लोकमताचा विचार करताना अमेरिकेकडे पाहणे उपयोगाचे आहे, कारण तेथे हा प्रश्न अनेक वर्षे लोकांना थेट विचारला गेला आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या 2023 च्या पाहणीत 87 टक्के अमेरिकी प्रौढांनी काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, सदस्यांवर मुदतमर्यादा असावी असे सांगितले, आणि त्यात दोन्ही मोठ्या पक्षांचे समर्थक होते. तरीही त्याच देशात प्रतिनिधिगृहाचे पुन्हा उभे राहिलेले बहुसंख्य सदस्य दर वेळी निवडून येतात. यात मला ढोंग दिसत नाही. लोकांची नाराजी एकूण सभागृहावर असते आणि विश्वास आपल्या प्रतिनिधीवर असतो, आणि गोव्यातही आमदारांच्या जमातीला नावे ठेवणारा माणूस आपल्या मतदारसंघाच्या आमदाराविषयी बोलताना सूर बदलतो, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. मात्र यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: मर्यादेला मिळणारा मोठा पाठिंबा हा राजकारणावरच्या असंतोषाचा पुरावा आहे, मर्यादा उपयोगी पडते याचा तो पुरावा नव्हे.

मर्यादेचा प्रत्यक्ष अनुभव घेतलेल्या लोकांचे मत अधिक मोलाचे आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1990 मध्ये राज्याच्या कनिष्ठ सभागृहात 6 आणि वरिष्ठ सभागृहात 8 वर्षांची आजन्म मर्यादा घातली. नव्या सदस्याला अर्थसंकल्प समजेपर्यंत त्याची जाण्याची वेळ होऊ लागली आणि तो पुढच्या पदाच्या शोधात राहू लागला, अशी तक्रार पुढे वाढत गेली. अखेर 2012 मध्ये तेथील मतदारांनीच नियम बदलून एकूण 12 वर्षे केली आणि ती एकाच सभागृहात घालवण्याची मुभा दिली. मिशिगननेही 2022 मध्ये तसाच बदल केला. दोन्ही ठिकाणी लोकांनी मर्यादा रद्द केली नाही, पण तिचा जाच कमी केला. मेक्सिकोची कथा याहून अस्थिर आहे: 1933 पासून तेथे लोकप्रतिनिधींना लागोपाठ फेरनिवड नव्हती, 2014 च्या सुधारणेने ती मिळाली, आणि 2025 मध्ये ती 2030 पासून पुन्हा बंद करण्याचे ठरले.

आता गोवा. येथील मतदारसंघ इतके लहान आहेत की 2022 च्या निवडणुकीवेळचे सुमारे साडेअकरा लाख मतदार 40 जागांत विभागल्यावर एका आमदाराच्या वाट्याला तीस हजारांच्या आतच मतदार येतात. त्यामुळे आजच्या मोकळिकीच्या बाजूने एक सबळ मुद्दा उभा राहतो, तो असा की गोव्याचा मतदार स्वतःच मर्यादा घालतो. 2017 मध्ये मुख्यमंत्रिपदावर असलेले लक्ष्मीकांत पार्सेकर मांद्रेत पराभूत झाले. 2022 मध्ये दोन्ही उपमुख्यमंत्री हरले आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत 666 मतांच्या फरकाने निवडून आले. ज्या राज्यात सत्तेच्या शिखरावरच्या माणसालाही घरी बसवता येते, तेथे कायद्याने घरी बसवण्याची गरज काय, हा प्रश्न सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

याच्या उलट टोकाला सत्तरी तालुका आहे. प्रतापसिंह राणे 1972 ते 2022 अशी 50 वर्षे सलग आमदार होते, अनेकदा मुख्यमंत्री होते आणि सभापतीही होते. मर्यादेचे समर्थक हे उदाहरण हमखास देतात. पण त्याच उदाहरणात मर्यादेची दुर्बलताही दिसते. 2022 मध्ये ते निवडणुकीबाहेर राहिले तेव्हा त्यांच्या पर्ये मतदारसंघाची जागा त्यांच्या सुनेकडे गेली, पक्ष मात्र बदलला. त्याच निवडणुकीत 40 जणांच्या सभागृहात तीन पती-पत्नी जोड्या निवडून आल्या. माणूस थांबला म्हणून घराणे थांबत नाही. फिलिपिन्समध्ये 1987 च्या घटनेने प्रतिनिधींना सलग तीन मुदतींची मर्यादा घातली, आणि तेथे जागा पत्नीकडे, मुलाकडे किंवा भावाकडे देऊन पुढच्या खेपेस परत घेण्याचा प्रघात पडला. हे आपल्याला नवे नाही. पंचायत निवडणुकीत प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की मावळत्या पंचाची पत्नी उमेदवार होते, आणि ग्रामसभेत कोण बोलते हे गाव पाहतो. फिरते आरक्षण ही एका अर्थाने मुदतमर्यादाच असते. तिने अनेक गावांत खरोखर नव्या स्त्रिया पुढे आणल्या, हेही तितकेच खरे आहे आणि ते विसरणे अन्यायाचे होईल. 2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीनुसार विधानसभांतील एक तृतीयांश जागा महिलांसाठी फिरत्या पद्धतीने राखीव होतील, तेव्हा गोव्यात सुमारे 13 मतदारसंघांत हाच प्रश्न उभा राहील.

माझ्या मते निर्णायक मुद्दा मात्र पक्षांतराचा आहे. जुलै 2019 मध्ये काँग्रेसचे 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले आणि सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8. दोन्ही वेळा आकडा दोन तृतीयांशाची अट पुरी करणारा होता, कारण घटनेच्या पक्षांतरबंदीविषयीच्या दहाव्या परिशिष्टात विलीनीकरणाच्या नावाखाली तेवढ्या संख्येला संरक्षण मिळते. अशा आमदारावर उरतो तो एकच अंकुश, पुढच्या निवडणुकीची भीती. तो अंकुश कामही करतो: 2019 मध्ये गेलेल्या त्या दहांपैकी बहुतेक जण 2022 मध्ये निवडून आले नाहीत. आता आजन्म मर्यादा लागू आहे असे समजा. शेवटच्या मुदतीतील आमदाराला मतदारापुढे पुन्हा जायचेच नसते, मग मुदत संपल्यावरच्या एखाद्या महामंडळाच्या अध्यक्षपदाच्या आश्वासनापुढे त्याला रोखणार कोण? चाळीस जणांच्या सभागृहात सात-आठ माणसे सरकार घडवतात आणि पाडतात. त्यातील काही जणांची शेवटची मुदत चालू असणे ही गोव्याच्या दृष्टीने मोठी जोखीम आहे. सलग मर्यादेत ही जोखीम कमी राहते, कारण परत येण्याची आशा असलेला माणूस मतदारसंघाशी संबंध तोडत नाही. मोकळिकीत ती सर्वांत कमी असते.

अनुभवाच्या बाबतीत म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटकशी असलेल्या तंट्याचे उदाहरण पुरेसे आहे. तंटा सोडवण्यासाठी लवाद 2010 मध्ये नेमला गेला आणि त्याचा निवाडा 2018 मध्ये आला. दोन मुदतींची मर्यादा असती, तर 2007 मध्ये निवडून आलेला आणि लवादाची नेमणूक व सुनावण्या सभागृहातून पाहिलेला आमदार 2017 मध्ये, निवाड्याच्या वर्षभर आधी, बाहेर पडला असता. खाणी, प्रादेशिक आराखडा, नगरनियोजन कायद्यातील दुरुस्त्या हे सर्व विषय असेच दीर्घकाळ चालणारे आहेत, आणि त्यांची स्मृती आमदारांकडे नसेल तर ती केवळ सचिवालयात राहते. दोन मुदती म्हणूनच कमी पडतात. मर्यादा घालायचीच असेल, तर तीन मुदतींहून कमी नसावी.

चौथा एक मार्ग आहे, ज्याला संसदेची गरज नाही. केरळमध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने 2021 मध्ये सलग दोन वेळा निवडून आलेल्या आमदारांना उमेदवारी न देण्याचा नियम लावला, आणि अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांच्यासारखे नेतेही त्यातून सुटले नाहीत. डाव्या आघाडीला 140 पैकी 99 जागा मिळाल्या. हे यश केवळ त्या नियमामुळे मिळाले असे कोणी म्हणू नये, पण उमेदवारी नाकारल्याने पक्ष कोसळतो ही भीती त्यातून खोटी ठरली. गोव्यात अडचण अशी की उमेदवारी नाकारलेला आमदार दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षात किंवा अपक्ष म्हणून उभा राहतो, आणि छोट्या मतदारसंघात त्याच्यामागची दोन-तीन हजार मते निकाल फिरवतात. केरळमधील पक्षशिस्त येथे उसनी आणता येत नाही. तरी सर्व मोठे पक्ष एकाच वेळी हा नियम पाळणार असतील, तर ती पळवाट बरीच अरुंद होते.

ज्याला मुख्यतः घराण्यांची चिंता आहे, त्याला या तीनपैकी कोणताही पर्याय पुरेसे समाधान देणार नाही. त्याने कुटुंबातील उमेदवारीवरच्या बंधनाची वेगळी मागणी करावी. ज्याला पक्षांतर सलते, त्याने आजन्म मर्यादेला विरोध करावा आणि दहाव्या परिशिष्टातील विलीनीकरणाची सवलत काढण्याचा आग्रह धरावा. ज्याला नव्या माणसांना वाव हवा आहे, त्याच्यासाठी तीन सलग मुदतींनंतर एका मुदतीची विश्रांती हा सर्वांत कमी हानीचा पर्याय आहे, आणि माझा कौलही त्यालाच आहे, पण विलीनीकरणाची सवलत आधी गेली पाहिजे या अटीवर. तोवर उमेदवार मत मागायला दारात येतो तेव्हा त्याच्या पक्षाने तीन मुदतींचा नियम लेखी स्वीकारला आहे का, हे विचारायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.