सात महिने नुसती शांतता बनवतोय: एफएफएमपेग आणि सॉक्स वापरून आलेला अनुभव

स्क्रीन रेकॉर्डिंगचे तुकडे जोडून सलग धडे तयार करायचे, हे माझं रोजचं काम. काही तुकड्यांवर निवेदन असतं, काही मुके. मुक्यांतही दोन जाती असतात: एकात ऑडिओ ट्रॅक आहे पण आवाज नाही, दुसऱ्यात ट्रॅकच नाही. हा फरक मला पहिल्याच धड्याने शिकवला. सुरुवातीच्या शीर्षकपाटीला ट्रॅक नव्हता. एफएफएमपेग हे ऑडिओ-व्हिडिओवर काम करणारं कमांडचं साधन; त्यातल्या कॉनकॅट डिमक्सरने, म्हणजे फाइली एकापुढे एक जोडणाऱ्या भागाने, पहिली फाइल पाहून ठरवलं की या कामात फक्त चित्र आहे. झालं, वीस मिनिटांचं निवेदन गायब.

उपाय अगदी छोटा. लॅवफाय इनपुट (फाइलऐवजी एफएफएमपेगनेच तयार केलेला स्रोत) म्हणून शांतता बनवणारा ए-नल-सोर्स द्यायचा, सोबत व्हिडिओ, चित्र जसंच्या तसं कॉपी, ऑडिओ एएसी या संकुचित स्वरूपात आणि शेवटी शॉर्टेस्ट, म्हणजे सर्वांत छोटा इनपुट संपला की थांब. मुक्या पाटीला शांत ट्रॅक चिकटला. मी खूश होऊन पुन्हा जोडणी केली, तर निवेदन सुरू झालं ते जड, संथ आवाजात, आठवड्याभराची झोप राहिल्यासारखं, आणि चित्र पुढे निघून गेलेलं. ए-नल-सोर्स काही सांगितलं नाही तर ४४१०० हर्ट्‌झचा (सेकंदाला इतके आवाजाचे नमुने, म्हणजे सॅम्पल) स्टिरिओ देतो. माझी रेकॉर्डिंग ४८००० ची. पहिल्या फाइलचा दर सगळ्यांना लागला आणि आवाज सुमारे ८ टक्के मंदावला. ऐकूच न येणाऱ्या गोष्टीला सॅम्पल रेट असतो आणि तो चुकला की दुसऱ्याचा आवाज बिघडतो, हे पचायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. तेव्हापासून आधी फाइलची माहिती दाखवणाऱ्या एफएफप्रोबने निवेदनाच्या फाइलचा दर आणि चॅनल बघायचे आणि तेच आकडे शांततेला द्यायचे, हा नेम आहे.

हा सोर्स आपणहून थांबत नाही, हेही लक्षात ठेवा. एकदा वेव्ह (न दाबलेल्या आवाजाची) फाइल बनवताना मी किती सेकंद हवेत ते सांगणारा ‘टी’ हा पर्याय विसरलो आणि चहा घ्यायला गेलो. ४४१०० च्या दराची १६ बिट स्टिरिओ शांतता सेकंदाला १,७६,४०० बाइट खाते, आणि तयार होते ती ऐकण्याच्या वेगाने नव्हे, प्रोसेसरच्या वेगाने. परत येईपर्यंत डिस्क भरत आली होती. आत काय? शून्यं! तीच शांतता फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता दाबणारं स्वरूप) ठेवली तर फाइल चिमुकली होते, कारण एका ठोकळ्यात एकच किंमत पुन्हा पुन्हा आली की तो ती त्या ठोकळ्यासाठी एकदाच लिहितो.

निवेदन दोन सेकंद उशिरा सुरू करायला मी एफएफएमपेगच्या ए-डिले या आवाज मागे सरकवणाऱ्या फिल्टरला २००० (मिलिसेकंद) दिलं. हेडफोन लावून ऐकलं तर डाव्या कानात शांतता, उजव्यात लगेच बोलणं, आणि दोन सेकंदांनी डावा कान तेच पुन्हा बोलायला लागतो. एकच आकडा दिला की फक्त पहिलं चॅनल सरकतं. ऑल बरोबर १ लिहिलं की दोन्ही सरकतात. खरं तर हे आपोआप व्हायला हवं होतं, पण असो.

नुसत्या वेव्ह फाइलच्या मागेपुढे मोकळी जागा हवी असेल तर मी सॉक्स हे फक्त ऑडिओसाठीचं कमांडचं साधनच काढतो. पॅड २ ३ म्हटलं की आधी दोन सेकंद, नंतर तीन, आणि दर-चॅनल मूळ फाइलचेच घेतो, विचारत बसत नाही. त्याची १४.४.२ ही आवृत्ती २०१५ ची, तेव्हापासून अधिकृत नवी आवृत्ती नाही, आणि एमपी४ त्याला उघडत नाही. म्हणून व्हिडिओ आला की पुन्हा एफएफएमपेग.

बिनचूक लांबी हवी असेल तर एमपी३ च्या वाटेला जाऊ नका. त्याची एक फ्रेम ११५२ सॅम्पलची, म्हणजे ४४१०० ला साधारण २६ मिलिसेकंद, आणि एन्कोडर सुरुवातीला थोडी भर घालतो ती वेगळीच. अर्धा सेकंद मागितला तर नेमका अर्धा मिळत नाही. एकदा चालतं, पण चाळीस तुकडे एकापुढे एक जोडले की ओठ आणि शब्द यांची फारकत होते. मी सगळं वेव्हमध्ये करतो आणि एएसी फक्त अगदी शेवटी.

फाइल खरंच शांत आहे का, हे कानाने तपासता येत नाही. एफएफएमपेगचा आवाजाची पातळी मोजणारा व्हॉल्यूमडिटेक्ट फिल्टर लावतो, १६ बिटच्या फाइलला सरासरी उणे ९१ डेसिबल आलं की निर्धास्त.

एक तक्रार मात्र या साधनांबद्दल नाही, शांततेबद्दलच आहे. दोन वाक्यांमध्ये कोरी शून्यं टाकली की ऐकणाऱ्याला वाटतं हेडफोनची वायर निघाली. खोलीची हलकी सरसर अचानक तुटते ना, म्हणून. पाट्यांना शून्यं चालतात, बोलण्याच्या मध्ये नाही. तिथे मी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीचे, तोंड उघडण्याआधीचे तीन सेकंद कापून ठेवतो आणि तेच परत परत वापरतो.