‘सर्व अपडेटसह’ देखभालीचं बिल आणि कधीच न आलेलं अपडेट

आमच्या साप्ताहिकाच्या वेबसाइटचं बिल दरवर्षी पाडव्याच्या सुमाराला यायचं. ‘वार्षिक देखभाल, सर्व अपडेट व सिक्युरिटीसह, रु. 8,000 फक्त.’ तालुक्याच्या गावात तेवढे पैसे जाहिरातींतून उभे करायला किती उंबरे झिजवावे लागतात, हे छोटं पत्र चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. बिल वेळच्या वेळी भरलं जात होतं. त्या बदल्यात आम्हाला काय मिळत होतं ते पुढे सांगतो. ज्यांची साइट असाच कुणी ओळखीतला ‘डेव्हलपर’ सांभाळतो, त्यांनी जरा सवडीनं वाचावं.

साताऱ्याकडच्या आमच्या भागात आल्याचे आणि हळदीचे दर लोक छापील अंकाची वाट न बघता मोबाईलवर बघतात. साइटवर बाजारभावाचं पान सगळ्यात जास्त वाचलं जातं. गणपतीच्या आधी वाचकांचे फोन सुरू झाले. कुणी म्हणे, “भाव बघायला गेलो तर फोन जिंकला म्हणतंय.” कुणाला ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असं पान दिसायचं. एका निवृत्त गुरुजींनी ते अलाउ दाबलं. तेव्हापासून त्यांच्या फोनवर रात्री-अपरात्री ‘तुमच्या मोबाईलमध्ये व्हायरस सापडला’ अशा सूचनांचा मारा सुरू झाला. आम्ही ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर साइट उघडावी तर सगळं आलबेल.

डेव्हलपरला फोन केला. उत्तर तयार होतं. “सर, साइट ओके आहे. वाचकांच्याच मोबाईलमध्ये व्हायरस असणार. कॅश क्लिअर करायला सांगा.” फोन वाढले तेव्हा म्हणाला, “कुणीतरी तुमचा पासवर्ड चोरलाय, बदलून टाका.” आम्ही पासवर्ड बदलला. फरक शून्य. मग त्याला ‘मालवेअर रिमूव्हल’ सुचलं. ते देखभालीत धरलेलं नव्हतं, त्याचे पैसे वेगळे. तेही घेऊन त्याने जुना बॅकअप चढवला. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच.

शेवटी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करणारी भाची सुट्टीला आली असताना तिच्यापुढे लॅपटॉप ठेवला. तिने फाइलींना हातच लावला नाही. थेट डेटाबेस उघडला आणि साइटच्या सेटिंग्ज जिथे साठतात त्या ऑप्शन्सच्या तक्त्यात शोध घेतला. थीमच्या, म्हणजे साइटच्या तयार साच्याच्या, सजावटीचा कोड (सीएसएस) जिथे असायला हवा त्या रकान्यात एक स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम, बसलेली होती. अक्षरं नव्हती, नुसत्या आकड्यांची लांबलचक रांग. वाचणाऱ्याला अर्थ लागू नये, पण ब्राउझरला मात्र लागावा, म्हणून अक्षरांऐवजी त्यांचे सांकेतिक क्रमांक लिहिलेले. “मामा, हे स्टोअर्ड क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग आहे. पासवर्ड कुणी चोरलेलाच नाही.”

तिने समजावलेलं मी माझ्या भाषेत सांगतो. समजा, ग्रामपंचायतीच्या टपालात कुणी परक्याने ‘आदेश’ असं शीर्षक देऊन कागद टाकला, आवक कारकुनाने न वाचता तो फाइलला लावला आणि ग्रामसेवकाने फाइल उघडताच त्यावर आपोआप त्याचा सही-शिक्का उमटला. आमच्या थीमसोबत येणाऱ्या प्लगइनमध्ये, म्हणजे जादा सोयीसाठीच्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये, नेमकं हेच घडत होतं. सजावटीचा कोड जतन करण्याचा एक मार्ग त्यात होता, पण ‘जतन करायला सांगणारा कोण आहे’ हे तो मार्ग विचारतच नव्हता. लॉगिन न केलेला, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस तिथे काहीही टाकू शकत होता. आणि टाकलेलं ते प्रत्येक पानावर जसंच्या तसं छापलं जात होतं. छापण्याआधी कोन-कंसांची चिन्हं निरुपद्रवी करायची असतात. आमची साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसमध्ये त्यासाठी तयार फंक्शन्स आहेत. ती इथे वापरलेलीच नव्हती.

वाचकाला लॉटरीच्या पानावर ढकलणं हा या प्रकारातला किरकोळ भाग. खरा घात ॲडमिन, म्हणजे साइटचे सगळे अधिकार असलेला माणूस, लॉगिन करून आपलीच साइट उघडतो तेव्हा होतो. स्क्रिप्ट त्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्याच अधिकाराने चालते. वर्डप्रेसच्या लॉगिन कुकीज (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण) स्क्रिप्टला वाचता येत नाहीत अशा ठेवलेल्या असतात, हे खरं. पण तिला त्या वाचायची गरजच पडत नाही. ती पडद्याआड ‘नवीन युजर’चं पान उघडते, तिथला सुरक्षेचा टोकन उचलते, फॉर्म भरते आणि स्वतःसाठी दुसरा ॲडमिन तयार करते. तुम्ही समोर बसून बातमी टाईप करत असता. आमच्या युजरच्या यादीतही असं एक अनोळखी नाव निघालं आणि थीमच्या ‘पान सापडले नाही’वाल्या फाइलमध्ये मागचं दार उघडून ठेवलेलं. आम्हाला ऑफिसात काही दिसत का नव्हतं, तेही तेव्हाच उलगडलं. लॉगिन केलेल्या माणसाला ती स्क्रिप्ट दुसरीकडे नेतच नव्हती. त्याला संशय येऊ न देणं हे तिच्या सोयीचं.

आता मूळ मुद्द्याकडे. हल्लेखोर कुठला कोण, देव जाणे. पण या प्लगइनमधली फट कंपनीने केव्हाच बुजवलेली होती. दुरुस्त आवृत्ती बाहेर आलेली होती. ती आमच्यापर्यंत का आली नाही?

भाचीने थीमच्या सेटिंग्जमध्ये परवान्याचं पान उघडलं. रिकामं. डेव्हलपरने बिलात ‘प्रीमियम थीम, ओरिजिनल लायसन्स’ असे वेगळे पैसे लावले होते. बाजारातून थीम विकत घेतली की खरेदीचा एक कोड मिळतो आणि साधा परवाना एकाच साइटपुरता असतो. तो कोड मागितल्यावर आधी टाळाटाळ झाली, मग एक कोड आला. दाबून बघतो तर तो आधीच दुसऱ्या साइटवर चालू! एकच थीम घेऊन त्याने ती आमच्यासारख्या किती जणांच्या साइटवर उतरवली होती, तोच जाणे. परवाना नसल्यामुळे अपडेट घेण्याचा मार्गच बंद होता. म्हणजे जे काम त्याला करताच येत नव्हतं, त्याचे पैसे तो दर पाडव्याला घेत होता.

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. वर्डप्रेसच्या अपडेटच्या पानावर ‘सगळ्या थीम अद्ययावत आहेत’ असं दिसतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण वर्डप्रेस स्वतःच्या मोफत भांडारातल्या गोष्टींचीच चौकशी करतं. बाहेरून विकत घेतलेल्या थीमची आणि तिच्यासोबत आलेल्या प्लगइनची खबर त्या कंपनीच्या सर्व्हरकडून यावी लागते आणि त्यासाठी बहुतेक वेळा परवाना चालू असावा लागतो. तो नसेल तर थीम दोन वर्षं मागे असली तरी ते पान आनंदाने ‘अद्ययावत’ म्हणत राहतं. डेव्हलपर हेच पान आम्हाला दाखवायचा.

‘अपडेट थोडं उशिरा केलं तर काय बिघडतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी दोन जगजाहीर प्रकरणं. 2023 साली टॅगडिव्ह कंपोझर या प्लगइनमध्ये अशीच फट सापडली. ‘न्यूजपेपर’ आणि ‘न्यूजमॅग’ या बातम्यांच्या साइटसाठी लोकप्रिय असलेल्या थीमसोबत ते येतं. त्या सप्टेंबरात बलाडा इंजेक्टर नावाच्या टोळधाडीने बाधित केलेल्या 17,000 हून अधिक साइट सुकुरी या सुरक्षा कंपनीने मोजल्या. त्यांतल्या 9,000 हून अधिक एकट्या या फटीतून गेलेल्या. त्या धाडीतही ॲडमिनच्या ब्राउझरमधून नवा ॲडमिन बनवणं, खोटं प्लगइन चढवणं, थीमची फाइल बदलणं हेच प्रकार होते. दुसरं लाइटस्पीड कॅशचं. लाखो साइटवर असलेलं हे प्लगइन ऑक्टोबर 2023 मध्ये 5.7.0.1 या आवृत्तीत दुरुस्त झालं. 2024 च्या एप्रिल-मेमध्ये, म्हणजे सहा महिने उलटून गेल्यावरही, जुनी आवृत्ती असलेल्या साइटवर हल्ले चालूच होते. तिथेही खोटे ॲडमिन बनत होते, नावं अशी की सपोर्टचाच माणूस वाटावा.

रोगही काही नवा नाही. 2005 मध्ये सॅमी कामकार नावाच्या तरुणाने मायस्पेस या सोशल साइटवर आपल्या प्रोफाइलमध्ये अशीच स्क्रिप्ट ठेवली आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त प्रोफाइलना ती लागली. इतक्या वर्षांनंतरही ‘मोबाईलमध्ये व्हायरस असेल’ म्हणून वाचकालाच दोष देणारा माणूस देखभालीचे पैसे घेतो, याची चीड येते.

सफाईच्या नावाखाली जे झालं, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. बॅकअप चढवून टिकाऊ उपयोग नव्हता, कारण फट तशीच होती आणि स्क्रिप्ट पुन्हा येऊन बसली. भाचीने उलट क्रमाने काम केलं. आधी आमच्या नावावर थीम विकत घेऊन प्लगइन दुरुस्त आवृत्तीवर नेलं. मग डेटाबेसमधली स्क्रिप्ट काढली, अनोळखी ॲडमिन उडवला, वर्डप्रेस आणि थीमच्या फाइली नव्याने उतरवल्या. पासवर्ड आणि कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्या सगळ्यात शेवटी बदलल्या, म्हणजे आधी लॉगिन असलेले सगळेच बाहेर फेकले जातात. ॲडमिनमधून थीमच्या फाइली बदलण्याची सोय बंद केली. तोवर गूगलवर आमच्या नावापुढे इशारा यायला लागला होता. तो काढायला गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सर्च कन्सोलमधून फेरतपासणीची विनंती करावी लागली. गुरुजींच्या फोनची दुरुस्ती मात्र सोपी होती. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ते परकं नाव काढलं की मारा थांबला. कुणी अशा पानावर बँकेची माहिती दिली असेल तर त्याने सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. त्यात तासांचाही उशीर नको.

तुमची साइट दुसऱ्याच्या हातात असेल तर थीमचा खरेदी कोड आजच मागा आणि ती खरेदी कुणाच्या नावावर आहे ते बघा. डोमेन आणि होस्टिंगचं खातं तुमच्या ईमेलवर हवं. देखभालीच्या बिलासोबत दर महिन्याला प्रत्येक प्लगइनची आवृत्ती लिहून मागा. जो खरंच अपडेट देतो त्याला हे पाच मिनिटांचं काम आहे. ॲडमिनच्या यादीत ओळखीच्याच माणसांची नावं आहेत ना, हे स्वतः उघडून बघा. आणि रोजच्या बातम्या टाकायला ॲडमिनचं खातं वापरू नका, संपादकाचं खातं पुरतं. स्क्रिप्टने तुमच्या अधिकाराने काही करायचं ठरवलं तर निदान ते अधिकार तोकडे असतील.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पत्र चालवणं हा व्यवसाय आहे, ग्राहक म्हणून उभं राहता येणार नाही, असं डेव्हलपरने नोटिशीला उत्तर दिलं. आमच्या वकिलांचं म्हणणं असं की, ही सेवा स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली असल्यामुळे आम्ही ग्राहकच ठरतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फीही लागत नाही. तक्रारीसोबत बिलं, ‘साइट ओके आहे’चे व्हॉट्सॲप संदेश आणि तो दुसरीकडे वापरलेला कोड जोडला आहे. त्याच्याच हातच्या आणखी दोन साइटच्या मालकांनी आपापला कोड काढून बघितला. दोघांनाही आमचाच कोड दिला होता.