खडेबाजारातील प्रतिकृतींचे दुकान : स्पोर्ट्‌स कारची जडणघडण जवळून

बेळगावच्या खडेबाजारात मोटारींच्या धातूच्या प्रतिकृती विकणारे एक लहान दुकान आहे. स्पोर्ट्‌स कार कशी घडत गेली हे समजून घ्यायचे असेल, तर तेथे अवश्य जावे. मालकांनी मोटारी किमतीप्रमाणे न मांडता सालाप्रमाणे मांडल्या आहेत, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

१९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलची प्रतिकृती हातात घेतली की तिची दारे वर का उघडतात, ते लगेच ध्यानात येते. वजन कमी राहावे म्हणून सांगाडा बारीक नळ्यांचा केला, तो मजबूत राहण्यासाठी बाजूंना उंच घ्यावा लागला आणि मग नेहमीच्या दारांना जागाच उरली नाही. १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउराचे मागचे झाकण उचलावे. बारा सिलिंडरचे इंजिन आसनांच्या मागे आडवे बसवलेले दिसते. वजन मध्याकडे आल्याने गाडी वळणावर चपळ होते. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम आणि यंत्रकाम करणाऱ्या आपल्या लोकांना ही मांडणी पाहून विशेष आनंद होईल. पोर्श ९११ ने मात्र इंजिन मागच्या चाकांच्याही मागे ठेवण्याचा हट्ट १९६४ पासून आजवर सोडलेला नाही.

स्वस्त प्रतिकृतींवर रंगाचा थर जाड असून त्यामुळे दारांच्या फटी बुजतात. माहितीचे फलक केवळ इंग्रजीत आहेत. ते मराठीत आणि कन्नडमध्येही हवेत. प्रतिकृती घ्यायचीच असेल तर १:१८ प्रमाणातली, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक अठरांश लांबीची, घ्यावी, कारण १:४३ मधल्या बहुतेकांची झाकणे उघडतच नाहीत.