ऑर्किडची कुंडी बदलून दहा महिने: पारदर्शक कुंडी पास, तयार मिश्रण काठावर

फेब्रुवारीत माझ्या दोन्ही फॅलेनॉप्सिस ऑर्किडची शेवटची फुलं गळली, तेव्हा कुंड्या बदलायला घेतल्या. ऑनलाइन मागवलेलं तयार मिश्रण (पाइनची साल, नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा) आणि बाजूलाही भोकं असलेल्या पाच इंची पारदर्शक कुंड्या. आता डिसेंबर आलाय. पुण्यातली पूर्वेची गॅलरी, सकाळचं ऊन नऊपर्यंत.

मिश्रणाचं पाकीट उघडलं तर निम्मा कोळसा चुरा झालेला. तसाच भरला असता तर तळाशी गाळ बसून हवा कोंडली असती. जुन्या चाळणीने सगळं चाळलं, चुरा गुलाबाला घातला. सोडणाचे तुकडे भिजवले तर पाणी कोऱ्या चहासारखं. सोडणात क्षार असतात आणि या मुळांना ते सोसत नाहीत, म्हणून दोन दिवसांत तीनदा पाणी बदललं. पाकिटावर याबद्दल चकार शब्द नव्हता.

जुन्या कुंडीतून रोप उपसलं तेव्हा खरा प्रकार कळला. मुळांच्या मधोमध मॉसचा (ओलावा धरून ठेवणाऱ्या वाळक्या तंतूंचा) घट्ट गोळा, वरून कोरडा, आत चिंब. म्हणजे वरचं मॉस सुकलं की मी पाणी घालत होते आणि आत मुळं कुजत होती. दाबलं की साल सुटून हातात नुसता दोरा यायचा. कात्री गॅसवर तापवून तेवढी सगळी कापली. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावली, पण एका रोपावर ती सढळ हाताने भुरभुरली. ती चूक. दालचिनी चांगली मुळंही सुकवते. (घरभर बिर्याणीचा वास, ते वेगळंच.) मग पाच दिवस पाणी बंद.

पारदर्शक कुंडीला मात्र तोड नाही. मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असली की हात मागे. आतून शेवाळ धरतं, पण रोपाला त्याचा त्रास दिसला नाही.

एप्रिल-मेमध्ये नव्या सालीवरून पाणी नुसतं ओघळून जायचं. शेवटी कुंडी वीस मिनिटं बादलीत बुडवून ठेवायला लागले, वर मूठभर मॉसही पसरलं. आईच्या गावी आंब्याच्या फांदीवर सीतेची वेणी (तेही ऑर्किडच) मुळं हवेत सोडून पावसाच्या तोंडावर फुलते, तिला कुणी विचारतही नाही. पण कोकणातली हवा पुण्यात कुठून आणणार?

जुलैत एक रोप गेलं. झडीचं पाणी पानांच्या मधल्या बेचक्यात साचलं आणि दोन दिवसांनी वरचं पान अलगद हातात आलं. यात मिश्रणाचा दोष नाही, रोप आत घ्यायचा मला कंटाळा आला.

पुन्हा घेईन का? कुंड्या, नक्की. मिश्रण नाही. साल आणि कोळसा सुटे आणेन, सोडणं शहाळेवाला फुकट देतो. साल दीडदोन वर्षांत कुजते, तेव्हा हा उद्योग पुन्हा आहेच.

उरलेल्या रोपाला चार नवी मुळं आणि दोन पानं आली आहेत. रात्री गारठा पडायला लागल्यापासून खालच्या पानाच्या बगलेतून आणखी काहीतरी डोकावतंय. टोक मुळासारखं गोल गुळगुळीत नाही, जरा चपटं, अंगठा वेगळा असलेल्या हातमोज्यासारखं आहे. फुलांचा दांडा असावा.